भात-पोळी कमी करून वजन उतरवायचंय? ठाण्यात मला सतत विचारले जाणारे प्रश्न

मी आहारतज्ज्ञ आहे आणि गेली चौदा वर्षं नौपाड्यात बसते. प्रश्न मात्र खोलीतच विचारले जातात असं नाही. सकाळी कचराळी तलावाला फेऱ्या मारताना, भाजी घेताना जांभळी नाक्यावर, लग्नाच्या पंगतीत, कुठेही कोणीतरी थांबवतं आणि विचारतं, "मॅडम, ते लो-कार्ब आपल्याला जमेल का हो?" तीच तीच उत्तरं एकदा नीट लिहून ठेवावीत म्हणून हे.

लो-कार्ब म्हणजे नेमकं काय? भात-पोळी कायमची बंद?

नाही. कार्बोहायड्रेट म्हणजे पिष्टमय आणि गोड पदार्थांतून मिळणारी ऊर्जा. भात, पोळी, भाकरी, पोहे, रवा, साबुदाणा, बटाटा, साखर, गूळ, फळं आणि काही प्रमाणात डाळी-कडधान्यं, सगळ्यांत ती असते. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, मधुमेहावरच्या देशव्यापी इंडियाब पाहणीतून २०२५ मध्ये आलेला आकडा असा की भारतीय माणूस रोजच्या ऊर्जेपैकी सुमारे ६२ टक्के ऊर्जा कार्बोहायड्रेटमधून घेतो. २००० कॅलरी खाणाऱ्याच्या पोटात याचे ३१० ग्रॅम होतात. लो-कार्ब सर्वसाधारणपणे दिवसाला १३० ग्रॅमच्या खाली म्हणतात. ५० ग्रॅमच्या खाली गेलं की ते किटो.

आता आपली भाषाच बघा. भाजी, आमटी, उसळ, मासा, अंडं या सगळ्याला आपण काय म्हणतो? तोंडी लावणं. म्हणजे जेवण पोळी-भाताचं, आणि बाकी सगळं ते घशाखाली उतरावं म्हणून. दिवसभर शेतात राबणाऱ्या माणसाला ते चालत होतं. ७:५२ ची लोकल पकडून आठ तास खुर्चीत बसणाऱ्याला ते चालत नाही. माझा सगळा सल्ला या एका अदलाबदलीत आहे: पोट भाजी, डाळ, उसळ, मासे, अंडी, दही-पनीर यांनी भरायचं आणि पोळी किंवा भात तोंडी लावायला घ्यायचा.

एका पोळीत किती कार्ब असतात?

कोणाची पोळी, यावर आहे. मागच्या वर्षी पाचपाखाडीतल्या एका ताईंना मी म्हटलं, येताना कणकेचा गोळा घेऊन या. त्यांनी डब्यात तीन गोळे आणले. काट्यावर ठेवले तर पहिला ६४ ग्रॅम, दुसरा ६८, तिसरा ७१. घडीची पोळी, आत तेल-पीठ लावलेली. त्या मोबाइलच्या ॲपमध्ये "एक चपाती" अशी नोंद करत होत्या, आणि ॲप धरत होतं ३० ग्रॅम पिठाचा फुलका. ६५ ग्रॅमच्या गोळ्यात पीठ साधारण ४० ग्रॅम, म्हणजे कार्ब सुमारे २७ ग्रॅम. त्या दिवसाला सहा पोळ्या खात होत्या आणि हिशेब साडेचारांचाच धरत होत्या. "इतकं कमी खाऊनही वजन हलत नाही" हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, फक्त काटा आजवर कोणी समोर ठेवला नव्हता.

हे आकडे लक्षात ठेवायला सोपे आहेत: घडीची पोळी २७ ग्रॅम, शिजलेल्या भाताची वाटी ४० ग्रॅम, पोह्यांची बशी ४५ ग्रॅम, वडापावचा नुसता पाव २५ ग्रॅम. आणि दोन चमचे साखरेचा चहा १० ग्रॅम. चहा चार वेळा होत असेल तर दिवसाला ४० ग्रॅम साखर, वर्षाला साडेचौदा किलो. म्हणून मी पोळीच्या आधी चहाला हात घालते.

पण भाकरीने वजन उतरतं म्हणतात ना?

भाकरी चांगली आहे. ज्वारी-बाजरीत तंतू जास्त, भूक जरा उशिरा लागते. पण एक भाकरी थापायला पीठ किती लागतं ते मोजा. हाताएवढी जाडसर भाकरी ६० ते ७० ग्रॅम पीठ घेते, म्हणजे ४० ते ४५ ग्रॅम कार्ब. दीड पोळी झाली की ती! तीन पोळ्यांऐवजी तीन भाकऱ्या खाणारी मंडळी प्रामाणिकपणे पथ्य पाळत असतात आणि वजन मात्र वाढत असतं. अर्धी भाकरी, वाटीभर पिठलं आणि मोठी वाटीभर पालेभाजी घ्या, मग भाकरीचा गुण दिसेल. नाचणीचंही तेच. नाचणीच्या बिस्किटांबद्दल तर बोलायलाच नको, पाकिटामागची यादी वाचा, त्यात मैदा आणि साखर नाचणीच्या आधी लिहिलेली सापडते.

मग दिवसभर खायचं काय? नमुना सांगा.

सकाळी मूगडाळीची दोन धिरडी, नाहीतर दोन अंडी कांदा-टोमॅटो घालून. दुपारच्या डब्यात एक पोळी, वाटीभर मटकीची किंवा चवळीची उसळ, डबा अर्धा भरेल इतकी भाजी आणि ताक. संध्याकाळी मूठभर भाजलेले शेंगदाणे, नाहीतर काकडी-दही. रात्री आमटी, भाजी, सोबत पनीर किंवा मासा आणि अर्धी वाटी भात. याची बेरीज सव्वाशे-दीडशे ग्रॅमच्या मधे कुठेतरी येते. सगळं आपल्याच घरचं आहे. फुलकोबी किसून "भात" करायची, बदामाच्या पिठाची पोळी लाटायची काही गरज नाही. बदामाचं पीठ महाग पडतं आणि दोन आठवड्यांत माणूस कंटाळतो.

खाण्याच्या क्रमानेही फरक पडतो. आधी कोशिंबीर-भाजी, मग उसळ किंवा मासा, भात-पोळी शेवटी. त्याच जेवणाने साखर कमी उसळते. आणि जेवण झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाला. सोसायटीच्या आवारात चाललात तरी पुरे, कारण चालताना पायांचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात.

भाजीत वैविध्य हवं, तर पावसाळ्यात ठाण्यासारखं भाग्य नाही. येऊरच्या पाड्यांवरच्या बायका टोपल्यांतून टाकळा, कुर्डू, भारंगी, करटोली घेऊन येतात. पहिल्या पावसाबरोबर शेवळं येतात. ती घ्याल तेव्हा सोबत काकडंही मागून घ्या. शेवळं काकडांशिवाय शिजवली तर घसा खवखवतो, हे विकणारी बाईच सांगेल. सोलायला-निवडायला वेळ लागतो, पण वाटीभर शेवळांच्या भाजीपुढे भाताची आठवण येत नाही.

आम्ही शुद्ध शाकाहारी. जमेल का?

जमेल, पण १०० ते १५० ग्रॅमच्या पट्ट्यात. कडधान्यातून प्रथिनांबरोबर कार्बही येतात, त्यामुळे शाकाहारी माणसाने ५० च्या खाली जायचा हट्ट धरला की ताटात पनीर, तूप आणि सुकामेवा एवढंच उरतं. असं महिना-दोन महिने चालतं, पुढे निभत नाही. शंभर ग्रॅम पनीरमधून सुमारे १८ ग्रॅम प्रथिनं मिळतात, ३० ग्रॅम शेंगदाण्यांतून ८, वाटीभर उसळीतून ९. सोयाबीनच्या वड्या बहुतेकांना आवडत नाहीत, पण प्रथिनांच्या बाबतीत त्यांना तोड नाही. रस्स्यात घालण्याआधी गरम पाण्यात भिजवून घट्ट पिळून घ्या, तो उग्र वास जातो. बी-१२ मात्र रक्तात तपासून घ्या.

आमच्याकडे रोज मासे असतात, पण तांदळाच्या भाकरीशिवाय जेवण होत नाही.

चेंदणी कोळीवाड्यातल्या एका मावशींनी मला अगदी हेच विचारलं होतं. खरं तर ठाणे-नवी मुंबईतल्या आगरी-कोळी घरांना हे सर्वांत सोपं जायला हवं. बांगड्यात कार्ब शून्य आणि शंभर ग्रॅममागे १९-२० ग्रॅम प्रथिनं. तारली, मांदेली, बोंबील, कोलंबी, सगळं दारात. अडचण दोन ठिकाणी आहे: तांदळाच्या दोन-तीन भाकऱ्या आणि शिवाय भात. मावशींना मी सांगितलं, भाकरी एक ठेवा, नाहीतर भात ठेवा, दोन्ही एकाच पानात नको, आणि कालवणातल्या तुकड्या दोनाच्या चार करा. रवा लावून खोल तेलात तळण्याऐवजी तव्यावर थोड्या तेलात भाजा. सुका जवळा कांद्यावर परतला तर तोही चांगला, फक्त ज्यांना रक्तदाब आहे त्यांनी सुक्या मासळीतलं मीठ लक्षात घ्यावं.

मला मधुमेहाची गोळी चालू आहे. उद्यापासून सुरू करू का?

डॉक्टरांशी बोलल्याशिवाय एक दिवसही नको. सगळ्या प्रश्नांत हा माझ्या सर्वांत जिव्हाळ्याचा आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

माझे बाबा ग्लिमेपिराइडची गोळी घेत होते. मी तेव्हा नुकतीच या कामाला लागले होते. कोणाच्या तरी सांगण्यावरून त्यांनी मला न विचारता रात्रीचा भात आणि पोळी दोन्ही सोडलं. गोळी तीच, डोस तोच. चौथ्या रात्री अडीच वाजता आईचा फोन आला. मी पोचले तेव्हा बाबांचा बनियन पिळून निघेल इतका घामाने भिजला होता, हात थरथरत होते आणि ते माझ्याकडे बघून आत्याचं नाव घेत होते. ग्लुकोमीटरवर ५१. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून घोट घोट पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजलं, ७८. मग एक पोळी खायला दिली. त्या रात्री मी त्यांच्या उशाशी बसून राहिले.

ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या आणि इन्सुलिन तुम्ही काय खाल्लं ते बघत नाहीत, साखर खाली आणायचं त्यांचं काम करत राहतात. म्हणून कार्ब कमी करण्याआधी डोस कमी करावा लागतो, आणि तो डॉक्टरांनीच. दुसरा धोका कमी लोकांना माहीत आहे. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. त्या चालू असताना कार्ब एकदम फार कमी केले तर रक्तात कीटोन आम्ल धोकादायक पातळीला जाऊ शकतं, आणि ग्लुकोमीटर मात्र साखर जवळजवळ ठीक दाखवतो. उलट्या, पोटदुखी, धाप लागणं, कमालीचा थकवा यांतलं काही दिसलं तर तडक रुग्णालय गाठा आणि गोळीचं नाव सांगा. रक्तदाबाच्या गोळीचाही डोस बघावा लागतो, कारण वजन आणि शरीरातलं पाणी उतरलं की दाबही उतरतो आणि उठताना चक्कर येते.

गोळ्या बंद होतील का?

काहींच्या होतात. मधुमेह होऊन फार वर्षं झालेली नसतील आणि वजन बऱ्यापैकी उतरलं तर शक्यता जास्त. औषध थांबवल्यावर किमान तीन महिने एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी) ६.५ टक्क्यांच्या खाली राहिलं तर डॉक्टर त्याला "रिमिशन" म्हणतात. हा शब्द "बरा झाला" असा वाचू नका. जुन्या सवयी आल्या की साखरही परत येते, म्हणून तपासणी आयुष्यभर.

पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरले, मग काटा अडकला. माझं काय चुकलं?

काहीच नाही. यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपात साखरेचा साठा असतो, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असतं. कार्ब कमी केले की आधी हा साठा आणि त्याचं पाणी जातं. चरबी त्यानंतर, आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास, कधी त्याहून कमी. लग्नात दोन दिवस जेवलात की दीड किलो परत दिसतं, तेही बहुतेक पाणीच. काट्यावर रोज उभं राहू नका. पाळीच्या आधीच्या आठवड्यात तर मुळीच नको.

डोकं दुखतं, पोटऱ्यांत गोळे येतात, पोट साफ होत नाही.

पहिल्या आठवड्यात पाण्याबरोबर मीठही निघून जातं. ताकात मीठ-जिरं घालून दिवसातून दोनदा प्या, आमटीचं पाणी प्या. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मीठ वाढवण्याआधी विचारा. पोटासाठी पालेभाजी दुप्पट करा, रात्री इसबगोल चालेल.

माझं वजन बेताचं आहे, फक्त पोट सुटलंय. मला काय गरज?

कदाचित तुम्हालाच जास्त आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दोघांचं छायाचित्र शेजारी शेजारी छापलं. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपली हाडापेराची ठेवणच अशी, दिसायला सडपातळ, आत चरबी. म्हणून भारतीयांसाठी बीएमआय २३ पासूनच वजन जास्त धरतात आणि २५ पासून लठ्ठपणा. कमरेचा घेर पुरुषांचा ९० सेंटिमीटर आणि बायकांचा ८० च्या वर गेला की साखर, रक्तदाब आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) तपासा. वजनापेक्षा टेपवर माझा भरवसा जास्त आहे.

तूप, लोणी, चीज हवं तेवढं खाता येतं ना?

नाही. आमटीवर चमचाभर तूप जरूर घ्या. पण कॉफीत लोणी घालून पिणं मला पटत नाही. काहींचं एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, अशा आहारात बरंच वाढतं, आणि ते कोणाचं वाढेल हे आधी सांगता येत नाही. सुरू करण्याआधी आणि तीन महिन्यांनी लिपिड तपासणी करा. ट्रायग्लिसराइड बहुधा खाली आलेलं दिसेल. एलडीएल वर गेलं असेल तर तूप-चीज कमी करून शेंगदाणा तेल, दाणे, तीळ, मासे यांच्याकडे वळा.

किटो आणि दीक्षित डाएट म्हणजे हेच का?

तिन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. किटो हा मुळात उपचार होता. १९२१ मध्ये अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या डॉ. रसेल वाइल्डर यांनी तो अपस्माराच्या रुग्णांसाठी सुचवला. वजनासाठी तो मी क्वचित देते. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या पद्धतीत भर खाण्याच्या वेळांवर आहे: दिवसात दोनदाच जेवायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत आटपायचं आणि मधे काही नाही. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारातून ती आली. त्यात मधला चहा-बिस्किट-फरसाण आपोआप सुटतो, आणि अनेकांना तेवढ्यानेच फायदा होतो. दोन जेवणं आणि कमी धान्य, असा मेळही घालता येतो, पण गोळ्या-इन्सुलिन असणाऱ्यांनी वर बाबांबद्दल लिहिलंय ते पुन्हा वाचावं.

बाकीच्या डाएटपेक्षा हे खरंच सरस आहे का?

सगळ्यांसाठी नाही, आणि हे मी प्रत्येकाला पहिल्याच भेटीत सांगते. स्टॅनफर्डच्या एका अभ्यासात ६०९ जणांना वर्षभर दोन गटांत ठेवलं होतं, एक कमी चरबीचा, एक कमी कार्बचा. २०१८ मध्ये निकाल आला. पहिल्या गटाचं वजन सरासरी ५.३ किलोने उतरलं, दुसऱ्याचं ६ किलोने, म्हणजे म्हणावा असा फरक नाही. पण दोन्ही गटांना साखर आणि मैदा सोडायला आणि भरपूर भाज्या खायला सांगितलं होतं, हे विसरू नका. आपल्याकडे ताटात धान्याचा वाटाच एवढा मोठा आहे की तिथून सुरुवात करणं मला सोयीचं वाटतं. ज्याला भात फार प्रिय आहे आणि तळण सोडायला तयार आहे, त्याने तसं करावं.

एकादशी, गणपती, हापूसचा मोसम, यांचं काय?

साबुदाण्यात शंभर ग्रॅममागे ८७ ग्रॅमच्या आसपास कार्ब, प्रथिनं नावालाच. खिचडीऐवजी दाण्याची आमटी आणि थोडी वरई, काकडीची कोशिंबीर, दही, राजगिरा. उकडीचे मोदक वर्षातून एकदा होतात. दोन खा, त्या जेवणात भात-पोळी घेऊ नका. आमरसाच्या वाटीबरोबर पुऱ्या ही जोडी मात्र जड पडते. मध्यम हापूसमध्ये सुमारे २० ग्रॅम साखर असते, तो कापून, जेवणातली पोळी सोडून खा. वाशीच्या बाजारातून पेटी घरी आली की ती संपवायची घाई होते, तेव्हा पेटी दोन घरांत वाटून घ्या.

ऐरोली-महापेला ऑफिस आहे, बाहेर खावंच लागतं.

मिसळ वाईट नाही. मामलेदारला बसलात तरी मटकी पूर्ण खा, फरसाण कमी सांगा, पाव एक आणि सोबत दही. उडप्याकडे इडलीपेक्षा ऑम्लेट किंवा पेसरट्टू, म्हणजे मुगाचा डोसा. थाळीत पोळ्या दोन सांगून भात परत करा आणि भाजी जास्त मागा, बहुतेक जण देतात. कॅन्टीनच्या पॅकबंद ताकात, फळांच्या रसात साखर किती ते वाचा. वडापाव? महिन्यातून एकदा, मनापासून आवडतो म्हणून, भूक लागली म्हणून नव्हे.

हे कोणी करू नये?

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आया, वाढीची मुलं, टाइप १ मधुमेह असलेले, मूत्रपिंड किंवा यकृताचा आजार असलेले, आणि खाण्याशी ज्यांचं नातं आधीच दुखरं आहे असे तरुण-तरुणी. त्यांनी आपल्या डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय यात पडू नये.

ठरलं. पहिला आठवडा कसा घालवू?

काहीही सोडू नका. वीस दिवसांत संपणाऱ्या उत्साहापेक्षा मला हा कंटाळवाणा आठवडा महत्त्वाचा वाटतो. स्वयंपाकघरातला छोटा काटा घ्या. कणकेचा गोळा मोजा, शिजवण्याआधी तांदूळ मोजा, साखरेचे चमचे मोजा आणि रोज वहीत लिहा. दुसऱ्या आठवड्यात चहातली साखर निम्मी करा आणि दुपारी एक पोळी कमी, पण त्या जागी उसळीची वाटी वाढलीच पाहिजे, नाहीतर संध्याकाळी पाच वाजता हात फरसाणाच्या डब्यात जाईल. तिसऱ्या आठवड्यात रात्रीचा भात अर्धी वाटी. घरात एकाच्याच पानात वेगळं वाढू नका. घरातल्या कर्त्या बाईने सगळ्यांना गरम पोळ्या वाढून स्वतः मागाहून उरलेला भात खायचा, असं असेल तर पहिलं पान तिचं मांडा.

आणि सुरुवातीलाच टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, पोट आत न ओढता, श्वास सोडल्यावर माप घ्या. आकडा तारखेसकट फ्रिजवर चिकटवा. दुसरं माप चार आठवड्यांनी, त्याच वेळी, सकाळी चहाच्या आधी.